प्रवराकाठची माहितगारी

१९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरचा एक पाहणी-अहवाल प्रसिद्ध केला. लेखक होते संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. तोवर सरकारदरबारी कालव्याचा हिशेब साधा असे. बांधायला खर्च किती आला, पाणीपट्टी किती जमली, गुंतवलेल्या पैशाचे व्याज सुटले की नाही. या हिशेबात दख्खनचे बहुतेक कालवे तोट्यातच दिसत. गाडगिळांनी वही नव्याने आखली. पाणी पोचलेली गावे आणि कोरडवाहू राहिलेली गावे शेजारी ठेवून त्यांनी कालव्याचे प्रत्यक्ष लाभ मोजले, तसेच अप्रत्यक्षही: बागायतदाराच्या हाती काय उरले, मजुराला किती दिवस काम मिळाले, व्यापार आणि वाहतूक किती वाढली. भारतातल्या पाटबंधाऱ्यांच्या अर्थशास्त्रात हे काम आजही पायाभूत मानले जाते.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४८ रोजी, प्रवरेच्या काठी एका सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. त्याचे पहिले अध्यक्ष झाले तेही धनंजयराव गाडगीळच. एखाद्या प्रदेशाची मिळकत मोजणारा अर्थशास्त्रज्ञ त्याच प्रदेशात नवी मिळकत उभी करायला उतरतो, असे अर्थशास्त्राच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही. त्यांनी अहवालात मोजला तो पैसा. पण प्रवरेकाठच्या लोणी गावच्या शेतकऱ्यांबरोबर त्यांनी उभे केले ते निराळे होते, आणि त्याला तेव्हा माप नव्हते. एका टापूतल्या माणसांना मिळून काय काय करता येते, हे मोजण्याची रीत जगाला त्यानंतर साठ वर्षांनी सापडली. ती हाती घेऊन मागे पाहिले, की नगर जिल्ह्याच्या शंभर वर्षांचा अर्थ बराच बदलतो. पाणी आले आणि श्रीमंती आली, ही सोपी गोष्ट मग पुरत नाही.

नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळणारे दख्खनचे दंगे पुणे जिल्ह्यातून इकडे पसरले, आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. इंग्रज सरकारने कालव्यांचा विचार केला तो प्रामुख्याने दुष्काळनिवारणासाठी. नाशिककडे दारणा नदीवर धरण झाले आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे कोपरगावच्या काळ्या जमिनीत उतरले. प्रवरेवर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण पुरे व्हायला सोळा वर्षे लागली, आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले प्रवरेचे कालवे संगमनेर, राहुरी, बेलापूर या भागात पोचले.

पाणी पोचले, पण घेणार कोण? बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याला पाऊस बरा झाला तर पाण्याची गरज नसे आणि पाऊस रुसला की सगळ्यांना एकदमच पाणी हवे असे. अशा गिऱ्हाइकावर कालवा चालत नाही. नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ठरावीक क्षेत्राला ठरावीक मुदतीची पाणीमंजुरी देणारी ब्लॉक पद्धत घालून दिली, ती याच अडचणीवरचा उपाय होती. बारमाही पाणी घेणारे आणि पाणीपट्टी नियमित भरू शकणारे एकच मोठे पीक होते, ते म्हणजे ऊस.

ऊस लावणे हे मात्र बाजरी पेरण्याइतके सरळ काम नव्हते. बेणे कोणते निवडायचे, सरी किती रुंद काढायची, पेंडीचे खत कधी आणि किती द्यायचे, बांधणी केव्हा करायची, पाण्याची पाळी चुकली तर काय करायचे, हे ठाऊक असणारी माणसे प्रवरेकाठी थोडी होती. ती आली सासवडकडून. सासवडचे माळी उसाचे पिढीजात बागायतदार. नीरेच्या कालव्यावर त्यांनी खंडाने जमिनी घेऊन बागायत केली होती. गोदावरी आणि प्रवरा कालवे झाल्यावर त्यांच्यातले अनेक जण इकडे सरकले. उसाची माहितगारी नगर जिल्ह्यात आली ती सरकारी पत्रकांतून नाही, तर बिऱ्हाडे घेऊन आलेल्या माणसांबरोबर. आसपासचे शेतकरी बांधावरून पाहत शिकले, कुणी त्यांच्याकडे मजुरी करत शिकले.

उसाचा गूळ करणे हे आणखी वेगळे कसब. गुऱ्हाळावर सगळ्यांचे लक्ष गुळव्याकडे असे. चुलवाणात चिपाड किती सारायचे, रसाची मळी काढायला भेंडीचे पाणी केव्हा घालायचे, चुना किती, काहिलीतला पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, हे तो पाकाच्या बुडबुड्यांवरून आणि बोटांत धरलेल्या गोळीवरून ठरवी. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपे, आधी उतरवला तर ढेप बसत नसे. हे ज्ञान कोणत्याही वहीत नव्हते. गुळव्या दुसऱ्या गावी गेला की तेही त्याच्याबरोबर जाई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा या सगळ्या कसबाची किंमतही कोसळली. सासवड माळ्यांच्या एका गटाने त्यावर उत्तर शोधले ते सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ. माळीनगरला त्यांनी भाग-भांडवल जमवून स्वतःचा साखर कारखाना काढला. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येतो याचा हा पहिला मोठा दाखला, आणि प्रवरेकाठच्या माणसांनी तो नीट पाहून ठेवला होता.

१९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. देशात तेव्हा तीसएक साखर कारखाने होते, पाच-सहा वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. नगर जिल्ह्यात ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखालचा बेलापूर कंपनीचा कारखाना हरेगावला आधीपासून होता. आता महादेव डहाणूकरांच्या महाराष्ट्र शुगर मिल्सचा कारखाना टिळकनगरला आला. पुणतांब्याजवळ चांगदेव शुगर मिल आली. नगर जिल्ह्यातच जन्मलेल्या करमशीभाई सोमैयांनी १९३९ मध्ये गोदावरी शुगर मिल्स स्थापन केली, आणि साकरवाडी व लक्ष्मीवाडी ही दोन नावे कोपरगावच्या नकाशावर आली.

त्या काळाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. उत्तर भारतातले कारखाने शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेत. दख्खनमधल्या कंपन्यांनी मात्र हजारो एकर जमिनी खंडाने किंवा खरेदीने घेऊन स्वतःचे मळे केले. ऊस कंपनीचा, कारखाना कंपनीचा, तंत्रज्ञही कंपनीचा. ज्याने जमीन खंडाने दिली तो आपल्याच शिवारात मजूर झाला, आणि ज्याने दिली नाही त्याच्या उसाला गुऱ्हाळाशिवाय वाट नव्हती. रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून तो निवळायचा कसा, निर्वात पॅनमध्ये साखरेचा दाणा कसा धरायचा, मळी वेगळी कशी करायची, हे सारे ज्ञान जिल्ह्यात आले खरे, पण ते कुंपणाच्या आत राहिले. जिल्ह्यात असलेले ज्ञान आणि जिल्ह्याच्या माणसांचे ज्ञान यांत हे अंतर होते.

कुंपणाबाहेर दुसरी एक साखळी मात्र जुळत होती. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राचे वाण दख्खनमध्ये येत होते, त्यांतल्या को ४१९ ने इथले शेत बदलून टाकले. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये कानपूरला साखर तंत्रज्ञानाची सरकारी संस्था निघाली आणि त्याच वर्षी पुण्यात दख्खनच्या साखर तंत्रज्ञांनी आपली संघटना बांधली. कारखाना चालवू शकणारी, पगारावर मिळू शकणारी शिकलेली माणसे त्यामुळे पहिल्यांदाच उपलब्ध झाली. सहकारी कारखान्याची गोष्ट सांगताना हा दुवा सहसा गाळला जातो. नुसत्या जिद्दीवर साखरेचा दाणा धरत नाही.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचे शालेय शिक्षण फार झाले नव्हते. १९२३ मध्ये त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली होती, आणि सावकाराच्या वहीतून सुटायला शेतकऱ्याला आधी एकमेकांच्या वहीत नाव लावावे लागते, हे ते तिथे शिकले होते. पतपेढीने माणसे जोडण्याची रीत शिकवली: भाग गोळा करणे, सभा घेणे, हिशेब वाचून दाखवणे, थकलेल्याकडून वसूल करताना गाव न तोडणे. पुढे कारखान्याचा पाया याच रीतीवर घालता आला. १९४५ च्या अखेरीस बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी धनंजयराव होते. बागायतदारांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे जाहीरपणे मांडला गेला.

विचार मांडणे सोपे होते. विठ्ठलराव गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले तेव्हा प्रत्येक ओट्यावर प्रश्न एकच होता: कंपनीचे साहेब जे करतात ते आपल्याला जमणार का? मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार खाते वैकुंठभाई मेहतांकडे होते. सहकारी बँकेत हयात घालवलेल्या या माणसाने सरकारचा हात मागे घेतला नाही. सहकारी बँक आणि नव्यानेच स्थापन झालेले औद्योगिक वित्त महामंडळ यांच्याकडून कर्जे उभी राहिली. देशात तेव्हा साखर कारखान्याची संपूर्ण यंत्रसामग्री बनत नव्हती, त्यामुळे परवाने, परकीय चलन, आयात या सगळ्या उंबऱ्यांवर थांबत काम पुढे सरकले. १९५० च्या अखेरीस, नोंदणीला दोन वर्षे होत असताना, पहिला गळीत हंगाम सुरू झाला. दिवसाला साडेचारशे-पाचशे टन गाळणारा हा कारखाना आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. गाडगीळ दहाएक वर्षे अध्यक्ष होते, विखे पाटील उपाध्यक्ष. १९६१ मध्ये विखे पाटलांना पद्मश्री मिळाली.

या जोडीबद्दल खूप लिहिले गेले आहे, आणि बहुतेक लिखाण त्यांच्या निष्ठेबद्दल आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांनी काय शिकून घेतले ते. यंत्रे विकत मिळत होती आणि केमिस्ट नोकरीला मिळत होता. वेळेचे गणित मात्र कोणाकडेच तयार नव्हते. तोडलेल्या उसातली साखर तासातासाने घटते, म्हणून तो शक्यतो चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे. कंपनीचा मळा एका मालकाचा, तिथे हुकूम चालतो. इथे हजारो लहान तुकडे होते. कुणाचा आडसाली, जुलै-ऑगस्टात लावलेला आणि सोळा-अठरा महिन्यांनी पक्व होणारा. कुणाचा पूर्वहंगामी, कुणाचा सुरू, कुणाचा खोडवा. प्रत्येक सभासदाला आपला ऊस आधी जावा असे वाटते. कोणाचा केव्हा तोडायचा, कोणती टोळी कुठे पाठवायची, गाड्या किती, गव्हाणीत रात्री किती ऊस शिल्लक हवा, हे सगळे ठरवायला कारखान्याने स्वतःचे शेतकी खाते उभारले. लागणीची नोंद ठेवणारा, बांधावर जाऊन ऊस पाहणारा चिटबॉय हा त्या व्यवस्थेचा सर्वांत खालचा आणि सर्वांत आवश्यक माणूस. तोडणी आणि वाहतूक कारखान्याने आपल्या हाती घेतली, म्हणून पक्व आणि ताजा ऊस गव्हाणीत पडू लागला. महाराष्ट्राचा साखरेचा उतारा उत्तर भारतापेक्षा सरस राहिला याचे श्रेय हवेला आणि आडसाली उसाला आहे तसेच या शिस्तीलाही आहे.

एकदा ही रीत बसली की ती पसरायला वेळ लागला नाही. कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, पुढे मुळा धरण झाल्यावर नेवासे, अशी कारखान्यांची रांग लागली. केंद्राने नवे परवाने देताना सहकाराला प्राधान्य दिले, राज्याने भागभांडवल दिले. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात कारखान्याच्या निवडणुका आणि गटबाजी जशी आहे तशीच त्याची कार्यक्षमताही आहे. सभासद रांगेत उभा राहून भाव विचारतो, म्हणून संचालकाला उतारा सांभाळावा लागतो, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा आजही वाचण्यासारखा आहे. कंपन्यांचे मळे मात्र १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने गेले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे त्या जमिनी आल्या आणि त्या मुळात खंडाने देणाऱ्या खंडकऱ्यांना परत मिळायला पुढचे अर्धशतक उलटले. हरेगावचा कारखाना काळाच्या ओघात बंद पडला.

आता मळीकडे वळू. साखर काढून उरणारा हा काळा, चिकट पदार्थ सुरुवातीला डोकेदुखीच होता. त्यापासून मद्यार्क करता येतो हे जुने ज्ञान, पण त्यासाठी किण्वन आणि ऊर्ध्वपातन जाणणारी माणसे हवीत. टिळकनगरने ती जमवली. साखरेचा कारखाना म्हणून जन्मलेली ती कंपनी आज देशभर ब्रँडीसाठी ओळखली जाते. साकरवाडीने वेगळा रस्ता धरला आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड करता येते, त्यापासून ॲसिटिक आम्ल, इथाइल ॲसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड. ॲसिटाल्डिहाइडच्या दोन रेणूंची जोड करून पुढे हायड्रोजन दिला की १,३ ब्युटिलीन ग्लायकॉल मिळते, जे त्वचेच्या प्रसाधनांत वापरतात. हे सगळे आज साकरवाडीत उसापासून बनते. ज्या गावाचे नावच साखरेवरून पडले तिथून सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल परदेशी जातो. या प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीवरची माणसे लागली. साखरेचे कामगार नसते तर मळीची भट्टी नसती, भट्टी नसती तर रसायनशाळा आली नसती.

या घडण्याला शास्त्रीय भाषा मिळाली ती दूरच्या मंडळींकडून. १९५७ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या वाढीचा हिशेब केला, तेव्हा दरताशी उत्पादनवाढीपैकी जेमतेम आठवा हिस्सा यंत्रे-भांडवल वाढल्याने झाला असे निघाले. उरलेले सात हिस्से त्यांनी तंत्रप्रगती या एका शब्दात ठेवले. ती नेमकी कुठे असते आणि कशी मोजायची, हा प्रश्न तसाच राहिला. हार्वर्डचे व्हेनेझुएलन अर्थतज्ज्ञ रिकार्डो हाउसमन आणि चिलीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ सेझार हिडाल्गो यांनी २००९ मध्ये त्याला एक उत्तर दिले. त्यांनी जगाच्या निर्यातीचा तक्ता घेतला. ओळींत देश, रकान्यांत माल. मग दोनच गोष्टी मोजल्या: एखादा देश किती प्रकारचा माल स्पर्धेत टिकून विकतो, आणि तो माल आणखी किती देशांना जमतो. ज्याला खूप प्रकार जमतात, आणि तेही इतरांना सहसा न जमणारे, त्या देशात खूप निरनिराळे ज्ञान एकत्र नांदत असणार. बोट्सवाना हिरे विकतो, हिरे थोडेच देश विकतात. पण हिरे विकणारे बरेच देश दुसरे फारसे काही विकत नाहीत, म्हणजे तिथे दुर्मीळ आहे ती खाण, कसब नाही. दोन्ही मोजण्या एकमेकींना अशा दुरुस्त करत नेल्या की प्रत्येक देशाचा एक आकडा निघतो. जपान त्यात वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. उत्पन्नाच्या मानाने हा आकडा ज्यांचा मोठा, ते देश पुढच्या काळात अधिक वेगाने वाढतात, असे त्या दोघांना आढळले.

त्यामागची धारणा साधी आहे. एका डोक्यात मावणारे ज्ञान थोडेच. अवघड वस्तू करायला निरनिराळे जाणणाऱ्या अनेकांची गाठ पडावी लागते, आणि ही गाठ बांधणे हेच सर्वांत कठीण. त्याआधी, २००७ च्या एका निबंधात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मालाचे एक जंगल कल्पिले होते. प्रत्येक माल म्हणजे झाड, प्रत्येक उद्योग म्हणजे माकड, आणि माकडाची उडी जवळच्या झाडावरच पोचते. प्रवरेकाठी पाहा. ऊस ते गूळ, गूळ ते साखर, साखर ते मद्यार्क, मद्यार्क ते रसायने. प्रत्येक उडी आवाक्यातली होती, आणि प्रत्येक वेळी नवे ज्ञान आणणारे कोणीतरी आले होते: सासवडचे माळी, कंपन्यांचे इंजिनिअर, कानपूरचे केमिस्ट.

गाठ बांधली गेली नाही तर काय होते, याचे उदाहरणही नगरकडेच आहे. मुलूख-ए-मैदान ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद रूमी या कारागिराने ओतली. एवढे मिश्रधातूचे ओतकाम तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी जमत असे. तोफ पुढे विजापूरला गेली आणि आजही तिथे बुरुजावर आहे. तिच्या कर्त्यामागे नगरात ओतकामाचा मोठा उद्योग मात्र उभा राहिला नाही. कसब दरबाराने आणले होते, आणि दरबाराबरोबर ते गेले.

जवळच्या झाडांवर जाता जाता नगरच्या साखरेने एक फांदी सोडली, ती यंत्रांची. शेजारच्या इंदापूर तालुक्यात नीरा कालव्यावर वालचंदनगरही साखरेपासूनच सुरू झाले. पण तिथे कारखान्याची दुरुस्तीशाळा वाढत गेली, आणि १९५० च्या दशकात वालचंदनगर साखर कारखान्यांची यंत्रे बनवू लागले. मग सिमेंटची यंत्रे, अणुभट्ट्यांचे भाग, आणि इस्रोच्या अग्निबाणांची मोटारकवचे. कालवा तसाच, ऊस तसाच. फरक हा, की एका ठिकाणी साखरेबरोबर साखर करणाऱ्या यंत्राचेही ज्ञान साठत गेले. सहकारी कारखान्यांची शक्ती भाव देण्यात, शाळा-महाविद्यालये-इस्पितळे काढण्यात आणि निवडणुकीत लागली. शाळा-इस्पितळांचे मोल मी कमी मानत नाही. प्रवरेच्या परिसरात शिकलेल्या दोन पिढ्यांना ते ठाऊक आहे. तरी यंत्राची फांदी सुटली, हेही खरे.

नगर शहरात यंत्रांचे ज्ञान आले ते वेगळ्या दाराने. हस्तीमल फिरोदियांनी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली आणि १९७२ मध्ये लुना रस्त्यावर आणली. इटलीच्या पियाज्जोच्या चाओ या मोपेडवर ती बेतलेली होती. औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोचा विद्युत स्विचगिअरचा कारखाना आला. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्थाही नगरमध्येच आहे. लेथवर काम करणारा, साचे बनवणारा, वेल्डिंग जाणणारा तरुण या वसाहतीत तयार झाला. पण जिल्ह्याच्या उत्तर भागातली साखर आणि शहरातली यंत्रे यांची गाठ फारशी पडली नाही. एकाच जिल्ह्यात दोन माहितगाऱ्या शेजारी राहिल्या, आणि हाउसमन-हिडाल्गोंच्या मापाने पाहिले तर जिल्ह्याचे सर्वांत मोठे न वापरलेले भांडवल तेच आहे.

साखरेची स्वतःची मर्यादा त्या मापात आधीच दिसते. साखर उष्ण प्रदेशातल्या कितीतरी देशांना जमते. ती एकट्याने कोणत्याही देशाला वर नेत नाही. आपल्याकडे मात्र उसाला किमान भाव कायद्याने, साखरेला बाजार सरकारी धोरणाने, त्यामुळे शेतकऱ्याला आणि कारखान्याला या झाडावरून हलण्याची निकड वाटली नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलने नवी उमेद आणली; डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधने घातली तेव्हा धोरणावर उभी असलेली उमेद किती ठिसूळ, हेही दिसले. कालव्याखालच्या जमिनी अतिपाण्याने चोपण होऊ लागल्याचे दुखणे तर आरंभापासूनचे आहे. आणि खुद्द पाण्याचाच करार बदलला. १९७० च्या दशकात पैठणला जायकवाडी धरण झाले, २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, आणि समन्यायी वाटपासाठी नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागू लागले. मराठवाड्याचा त्यावरचा हक्क मला रास्तच वाटतो. पण भंडारदऱ्याचे पाणी कायमचे आपले, या गृहीतावर उभ्या राहिलेल्या उसाला आता तेवढाच आधार नाही.

या साऱ्या मोजदादीत एक रकाना रिकामा राहतो. उसाच्या बुंध्यातल्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, म्हणून कोयता जमिनीलगत लागला पाहिजे. वाढे नेमक्या पेऱ्यावर छाटले पाहिजे. मोळी अशी बांधली पाहिजे की गाडीत रचता येईल आणि गव्हाणीत सुटेल. कारखान्याचा उतारा केमिस्टच्या हाती येण्याआधी या हातांतून जातो. हे हात पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे आहेत, पलीकडे बीडचे आहेत. म्हणजे बहुतेक कालवा न पोचलेल्या भागातले. निर्यातीच्या तक्त्यात ते दिसत नाहीत. गाडगिळांच्या वहीत मजुराला निदान स्वतंत्र जागा होती. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन जोडीने निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगामभर टनावर मजुरी मोजली जाते. पोरांची शाळा त्या महिन्यांत तुटते, आणि त्यामुळे पुढची पिढीही पुष्कळदा त्याच टोळीत दिसते. जिल्ह्याच्या उत्तरेचे तालुके शंभर वर्षांत ऊस, साखर, मद्यार्क, रसायने असे पायरी पायरीने चढले. दक्षिणेच्या तालुक्यांतला कोयता पहिल्या पायरीवरच कामाला आहे, आणि गोदावरी-प्रवरा कालव्यांची पाहणी कोणी पुन्हा हाती घेतलीच, तर तिची सुरुवात पाथर्डीच्या तांड्या-वस्त्यांवरून करावी लागेल.